आमची वहिनी पाटावरून उठली!

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आत्ताच कोन गावाहून मावसभावाची हळद आटपून आलेय आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

हळदीत माझ्या वहिनीला बघून मावशी म्हणाली, "काय गो, किती सुकलीस! लग्नानंतर कशी भरली होतीस."

तेव्हा वहिनीचा चेहरा गोल झाला होता, पोट सुटलं होतं. सासरचं पाणी मानवलं म्हणून आम्ही सगळे खूश. पण भाकऱ्या थापून झाल्यावर तिला जमिनीवरून उठताच येत नाही, हे आईने हेरलं. हातपाय बारीक झाले होते, पोटावर जांभळे पट्टे आले होते. तपासण्यांत कळलं की किडनीवरच्या ग्रंथीत गाठ आहे, म्हणून शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन जास्त बनतंय. ऑपरेशन झालं. नंतरच्या गोळ्याही डॉक्टरांनी सांगितलं तशाच हळूहळू कमी केल्या.

आज आईने मावशीला सगळ्यांसमोर सुनावलं, "माझी सून सुकली न्हाय, बरी झालीय. बघ!"

वहिनी हात न टेकता पाटावरून उठली आणि थेट नाचायला गेली. काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

तुमच्याकडेही नव्या सुनेचं "अंगाला लागलंय" म्हणून कौतुक चाललंय का? तिला एकदा जमिनीवरून उठताना बघा.