आधी सांगायची गोष्ट

माझा पहिला गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला, तेव्हा कारण शोधायला सगळी आळी धावून आली. कुणी म्हणालं पपई खाल्ली असेल, कुणी दिंद्रुडच्या रस्त्यावरच्या एसटीच्या हादऱ्यांना दोष दिला. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, एकच जाणून घ्यायचं होतं, ग्रहणात मी विळी धरली होती का. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मी म्हटलं, "धरलती, आन् भाजीबी चिरलती." धादांत खोटं होतं ते, पण निदान विषय तरी मिटेल असं वाटलं. मिटला नाही.

"दिवसभर काम काय करता?" हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं. ते विचारलं अंबाजोगाईच्या एका डॉक्टरीणबाईंनी. त्या एका प्रश्नाचं ऋण मी आजही मानते.

मी आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. तिथं मी एकटीच बाई. दर तासाला उसाच्या रसात साखर किती आहे ते बघायचं, हे काम. रस गढूळ असतो, त्यातून यंत्राला काही दिसत नाही. म्हणून त्यात एक पांढरी पावडर घालून तो गाळायचा, की पाण्यासारखा नितळ होतो. त्या पावडरीला आम्ही सगळे नुसतं 'लेड' म्हणायचो. लेड म्हणजे शिसं आणि शिसं म्हणजे विष, हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण रोजच्या सवयीच्या वस्तूची भीती कुणाला वाटते? ज्या टेबलावर लेड सांडायचं त्याच टेबलावर आमचे डबे उघडायचे. बीकरमध्ये चहा उकळायचा. त्यात ती दुष्काळाची वर्षं. प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नाही, त्यामुळं हात कोटाला पुसायचे आणि भाकरी मोडायची.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घेऊन बाहेर तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तो चांगला नव्हता. शिसं तोंडावाटे जातं, श्वासावाटे जातं, हाडांत साठतं आणि आईच्या अंगातून बाळापर्यंत पोचतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. "पहिला गर्भ त्यानंच गेला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "पण दिवस राहिल्यावर जपायला लागलात तर उशीर झालेला असतो. आधी लेडपासून लांब व्हा. रक्तातलं शिसं उतरू द्या. मी सांगेन, मग मुलाचा विचार करा." माझा नवरा काय करतो तेही त्यांनी विचारलं, कारण पुरुषाच्या अंगात शिसं गेलं तरी मूल राहायला अडचण येऊ शकते. तो शेती करत होता, म्हणजे त्या वर्षी कोरड्या विहिरीत डोकावत होता.

सगळी गोची त्या 'आधी'मध्ये होती. आमच्याकडं दिवस राहिले तरी तीन महिने कुणाला कळू देत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. आणि मी अजून नसलेल्या मुलाची गोष्ट खोलीभर पुरुषांना सांगायची? बरं, ऊस कमी म्हणून गाळप लवकर बंद होणार, हंगामी माणसांतलं पहिलं कुणाला काढणार, याची कुजबुज रोजचीच. काम जमत नाही म्हणणारी बाई पहिली घरी गेली असती, आणि घर माझ्याच पगारावर चाललं होतं.

नवरा म्हणाला, "नोकरी सोडायची तर सोड. लेकरू न्हाई झालं तरी मला चालंल. तू धड पायजेस."

"मला न्हाई चालणार," मी म्हटलं आणि रडले. त्याचं बोलणं किती मायेचं होतं हे नंतर कळलं. त्या वेळी रागच आला.

मग मी चीफ केमिस्ट साहेबांना सांगितलं, लेडनं हाताला खाज सुटते, दुसरं काम द्या. साहेब निवृत्तीला आलेले, कडक, पण मनानं सरळ. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला खाजेचं मलम आणून दिलं. शेजारच्या टेबलावर एक असिस्टंट होता, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "लेडचीच खाज सुटती का म्याडम, कामाची तर न्हाई ना?" सगळे हसले. मी आठवडाभर गुमान मलम चोळलं आणि लेडही हाताळलं.

शेवटी एका दुपारी साहेबांच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि उभ्याउभ्याच बोलले, "साहेब, खाज नाही. मला मूल पाहिजे."

पुढचं सगळं एका दमात सांगितलं. गेलेला गर्भ, रक्ताचा रिपोर्ट, डॉक्टरीणबाई. कान तापले होते. साहेब खिडकीतून आवारातल्या मोजक्या बैलगाड्यांकडं बघत राहिले.

"मंग हे पैल्याच दिवशी कावून न्हाई सांगितलं, बाई?" ते म्हणाले. "मी आपलं मलम हुडकत फिरलो गावभर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "लेड हे विष हाय," ते म्हणाले, "मलाबी ठाव हाय, तुमालाबी ठाव हाय. आपुन उगंच येड घेऊन बसलो." आजपासून लेडचं काम फक्त खिडकीपाशी, तोंडाला फडकं बांधून. कोरडी पावडर उडते, म्हणून पाण्यात कालवून वापरायची. सांडलं तर ओल्या फडक्यानं पुसायचं. चहा-डबा बाहेर लिंबाखाली. कोट घरी न्यायचा नाही. आणि खाण्याआधी हात साबणानं धुवायचे.

"धुयाला पाणी कुठंय साहेब?" असिस्टंटनं विचारलं.

"उसात," साहेब म्हणाले.

खरंच होतं ते. उसात साखरेपेक्षा पाणी जास्त. रस आटवताना त्याची वाफ होते आणि वाफेचं परत पाणी होतं. ते कॅनमध्ये भरून रोज आमच्याकडं येऊ लागलं, कोमट, जरा रसाच्या वासाचं. गाव टँकरपुढं घागरी घेऊन भांडत असताना मी कोपरापर्यंत हात धूत होते. लाज वाटायची. पण त्याहून जास्त वाटायचं की या माणसांचे पाय धरावेत.

मला रसाचा दाटपणा मोजायचं काम मिळालं. माझं लेड त्या असिस्टंटच्या वाट्याला गेलं. "लॅब लई सोवळी झाली बुवा," असं तो रोज म्हणायचा, पण काम त्यानं मुकाट घेतलं. असं का, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नाही.

त्या वर्षी ऊस संपला आणि होळीच्या आधीच कारखान्याची चिमणी थंड झाली. सगळ्यांची तोंडं उतरली. माझ्या रक्तातलं शिसं तपासणीगणिक उतरत गेलं. दुष्काळाचे उपकार मानावेत असं कसं म्हणू, पण ते निवांत महिने मला त्यानंच दिले. पुढं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हरकत नाही." वर्ष सरायच्या आत दिवस राहिले, आणि लेक झाली, धडधाकट, माझ्यासारखीच नाकावर राग घेऊन आलेली. आत्याबाईंनी ग्रहणाचं नाव काढलं नाही.

लेक चालायला लागली, अंगावरचं दूध तुटलं, तेव्हा मी परत कामावर गेले. या एका लेकीवरच थांबायचं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. साहेब निवृत्त झाले होते आणि कामाची वाटणी माझ्याकडं आली होती. तो असिस्टंट अजून खिडकीपाशी लेडच करत होता. मधल्या काळात त्याचं लग्न झालं होतं.

एक दिवस तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. आधी पावसाचं बोलला, मग उसाच्या भावाचं. मग मान खाली घालून म्हणाला, "म्याडम, तुमी तवा काम का बदललं ते आमच्या घरी कळलंय. आमाला बी... म्हंजी अजून न्हाई काई. पर पायजे."

एवढी बडबडी जीभ, आणि तेवढं बोलताना त्याला घाम फुटला होता. किती जोर लागला असेल, ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

"उद्यापासून माझं लेडचं काम काढता का?" त्यानं विचारलं.

"उद्या कशाला?" मी म्हटलं. तोंडाला फडकं बांधलं, आणि खिडकीपाशी त्याच्या जागेवर जाऊन उभी राहिले.