पाळीच्या दिवशी

मी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजसाठी गाव सोडलं, त्या दिवशी नेमकी आमची पाण्याची पाळी होती. आमचं रान बारामती आणि इंदापूरच्या मधे, पाटाच्या अगदी शेवटाला. वरच्या सगळ्यांचं भिजून झालं की मग आम्हाला पाणी, त्यामुळे पाळी लागली की घरात जेवणंसुद्धा उभ्या उभ्या व्हायची. वडील, म्हणजे आमचे आबा, वांग्यांत दारं धरत होते. तुम्हा गावाकडच्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारख्याच बाहेर पडलेल्यांच्या पोरांसाठी सांगतो. खोऱ्यानं माती ओढली की सरीचं तोंड उघडतं, ते दार. माती परत लोटली की दार बंद. मी पाया पडायला चिखलात उतरलो, तरी आबांनी मान वर केली नाही.

"तू जा," ते म्हणाले. "पानी सोडून जानं बरं न्हाय."

थोरले चुलतभाऊ तात्या यांनी मला बैलगाडीनं बारामतीच्या स्टेशनावर सोडलं. दौंडची छोटी गाडी इतकी रमतगमत चालायची की मनात आलं असतं तर उतरून घरी जाता आलं असतं. मी उतरलो नाही, पण आबांचं ते वाक्य माझ्याबरोबर पुण्याला आलं. पाणी सोडून कोण चाललं होतं? मीच की. आणि आबांना दुसरा मुलगा नव्हता.

होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात माझ्या 'हितं' आणि 'न्हाय'वर हशा पिकला. मी पडलो हट्टी. आरशासमोर उभं राहून 'येथे' आणि 'नाही' घोटलं, आणि वर्षभरात इतका शुद्ध बोलायला लागलो की सुट्टीत आई मला पाहुण्यासारखा कपबशीत चहा द्यायला लागली. आबा बोलायचे, चौकशी करायचे, पण खोरं मात्र हातात देत नसत. मी काय समजायचं ते समजलो. फार वाईट वाटायचं.

पुढे त्याच कॉलेजात लेक्चरर झालो. मुंबईत तेव्हा एक गणकयंत्र बांधलं जात होतं, ते शिकायला मला काही महिने पाठवलं. खोलीभर व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असतात तसल्या काचेच्या नळ्या, तापलेले, आणि एवढ्या पसाऱ्याला कळायच्या गोष्टी दोनच: वीज आहे किंवा नाही. परत आल्यावर मोठ्या उत्साहानं वर्गात 'अँड गेट' आणि 'ऑर गेट' शिकवायला घेतलं. पोरांचे चेहरे कोरे. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. शेवटी वैतागून इंग्रजी टाकून दिलं आणि फळ्यावर सरळ आमचा पाट काढला.

"हे बघा, एका सरीवर दोन दारं, एकाम्होरं एक. दोनी उघडी आसली तरच वाफ्यात पानी. एक जरी बुजलेलं आसलं तरी न्हाय! ह्ये अँड!"

वर्ग हसला. इतक्या वर्षांचं घोटलेलं एका दमात वाहून गेलं, माझे कान तापले. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा एक पक्का पुणेकर उठला आणि त्यानं फळ्यावर शेजारी शेजारी दोन दारं काढली. "म्हणजे सर, यातलं कुठलंही एक उघडलं की पाणी. हे ऑर!" मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

त्यानंतर दोन दिवसांच्या रजेवर घरी गेलो तर पुन्हा पाळी लागलेली. बूट काढून चिखलात उतरलो आणि आबांना सगळं सांगितलं. खोऱ्यावर हात टेकून ते ऐकत होते.

"आन त्यातलं एखांदं दार फुटलं तर?"

"मग शोधत बसायचं, आबा."

"म्हंजी तू बी दारंच धरतोस की," ते म्हणाले, आणि खोरं माझ्या हातात दिलं.

मग मला धीर आला. "आबा, मी निघालो तेव्हा तुमी चिडला व्हता. पानी सोडून जानं बरं न्हाय म्हनलात."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "आरं, ते माझं म्हनत व्हतो मी! ठेसनावर यायचं लई मनात व्हतं. तुझ्याकडं वर बघितलं आसतं तर खोरं टाकून आलो आसतो."

सात वर्षं मी भलत्याच अर्थाचं ओझं वाहत होतो. मी मोठ्यानं हसलो, मग रडलो. आबा उगाचच एका नीट असलेल्या बांधाची माती सारखी करत राहिले.

पुढे गणकयंत्राचा संगणक झाला आणि मी त्याचा प्राध्यापक. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मला पुण्यातलं बिऱ्हाड आठवत नाही. जिथं 'न्हाय' म्हणायच्या आधी विचार करावा लागत नाही, ते माझं घर, आणि त्यात माझा वर्गही आला.

त्या रजेत मात्र, दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघालो तेव्हा आबांनी खोरं तात्यांकडं दिलं आणि कासरा हाती घेऊन ते बैलगाडीत माझ्या शेजारी येऊन बसले. बारामतीच्या फलाटावर ते छोटी गाडी हलेपर्यंत उभे होते, पोटऱ्यांपर्यंत चिखल तसाच. पाळी अजून संपली नव्हती.