टाकीतला श्वास

मेकॅनिक ऑरिन टटल बिघडलेल्या गाडीचं बॉनेट आधी उघडत नसे. ती बंद पडेपर्यंत चालवायची, मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून तोंडाशी कान लावायचा, ही त्याची रीत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या मेंडोसिनो गावच्या धुक्यात, एखाद्या जुन्या विलायती स्पोर्ट्स गाडीपाशी तो असा वाकलेला दिसला, की मी माझ्या टायरच्या दुकानातून ओरडायचो, "काय पाद्रीबुवा, कसलं पाप कबूल करतेय गाडी?"

"तुझंच नाव घेतेय."

हेस्टर व्हिकरीची हिरवी गाडी तिच्या मुलीनं जबरदस्तीनं ऑरिनकडे पाठवली. गाडी हेस्टरच्या नवऱ्याची, लायलची. तो फुप्फुसांच्या दुखण्यानं गेला होता. घरून निघाली की गाडी नेमकी आंधळ्या वळणावर बंद पडे. तिथून लाकडाचे ट्रक सुसाट उतरतात. थोड्या वेळानं ती आपोआप सुरू होई.

"लायल थांबवतो," हेस्टर म्हणाली. "झाकण काढ, ऐकशील."

ऑरिन तिला घेऊन निघाला, आणि वळणावर गाडी मेली. ऑरिननं झाकण फिरवलं. आतून लांब, ओढलेला श्वास आला. हेस्टरनं डोळे मिटले.

"शेवटी असाच घ्यायचा."

ऑरिननं गाडी गॅरेजात आणली. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात मुरते, आणि डब्याच्या बुडाच्या छिद्रातून टाकीला हवा मिळते. त्या छिद्रात बाटलीचं बूच ठोकलेलं होतं. हवा मिळेना म्हणून टाकी आतून आवळत होती, इंजिनाला पेट्रोल सोडत नव्हती; झाकण काढलं की हवा आत ओढली जाई, तोच तो श्वास.

"बूच लायलनंच मारलं असणार," ऑरिन म्हणाला.

"पेट्रोलचा वास घरात येतो म्हणून मीच त्याच्यामागे लागले होते." हेस्टरनं बुचाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "परत लाव."

"बाई, तिथं ट्रक येतात."

"येऊ देत."

ऑरिननं बूच खिशात टाकलं आणि तिला शेजारी बसवून निघाला. मी मागून पिकअप घेऊन गेलो. गाडी वळणावर अडली नाही. पुढे गेली, तशी हेस्टरनं हात घालून चावीच फिरवली. गाडी धुक्यात थांबली. तिनं उतरून झाकण काढलं, कान लावला. काहीच आलं नाही. मग तिनं टाकीच्या तोंडाशी ओठ नेले आणि हळू फुंकर घातली, विस्तव फुलवावा तशी.

वरून ट्रकचा भोंगा ऐकू आला. मी ओरडलो. तिनं झाकण घट्ट बसवलं.

"चल, ऑरिन," ती म्हणाली. "आत कोणी नाही."

ऑरिन मात्र उतरून तिच्या मागे टाकीशी वाकला, त्यानं झाकणावर कान टेकवला, आणि तो दचकून मागे सरला. मी त्याला आणि हेस्टरला ओढून रस्त्याच्या कडेला घेतलं. ट्रक गाडीच्या अगदी बाजूनं वारा मारत गेला.

काय ऐकलं, ते त्यानं कधीच सांगितलं नाही. त्यानंतर तो गाड्यांचं बॉनेट आधी उघडू लागला.