मोज्यातली चौथी बाटली

दुकान चष्म्यांचं, पण लौकिक नाकाचा. मित्रांच्या टोळक्यात त्याला सगळे ‘नाक’ म्हणत, आणि तोही त्या हाकेला आनंदाने ओ देई. बाकी मिरवण्यासारखं त्याच्याकडे फारसं नव्हतं. सायकलवर तो सगळ्यांच्या मागे असे, विनोद सांगताना शेवट विसरे, आणि गिऱ्हाइकाला चष्मा शोभतो की नाही हेसुद्धा बायकोकडे एक नजर टाकूनच सांगे. पण डोळे मिटून व्हिस्कीचा ग्लास नाकाशी नेला की गडी बोलू लागे, आणि दाताचा डॉक्टर, कंत्राटदार, हेडमास्तर असे तीन शहाणे त्याच्या तोंडाकडे बघत बसत. जन्माची कमाई ती एवढीच, आणि ती त्याने जिवापाड जपली होती.

वर्षातून चार-पाचदा हे चौघं शनिवार-रविवार एकत्र काढत. सकाळी सायकली, संध्याकाळी नाकाच्या घरी व्हिस्की आणि जेवण, दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकली. प्रत्येकाने एक बाटली आणायची आणि स्वयंपाकघरात त्याच्या बायकोकडे द्यायची. ती पीत नाही, म्हणून पंच तीच. लेबल दिसू नये म्हणून ती बाटलीवर सायकलवाल्यांचा लांब मोजा चढवी आणि ग्लास भरून आणी. तीन ग्लास जेवणाआधी, चौथा जेवणानंतर. कोणती कुठली ते नाकाने ओळखायचं. मोजे धुतलेले असत, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. खारट, गोड, आंबट, कडू तेवढं जिभेला कळे. बाकी सगळं नुसतं गरम किंवा गार. एखादा मित्रांना सांगून मोकळा झाला असता. याने बायकोची शिकवणी घेतली. धुरकट वासाची असेल तर ट्रे डाव्या हातात धर. गोडसर असेल तर केस कानामागे घे. जुनी, महागातली असेल तर माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेव. तिने सगळं पाठ केलं. नवऱ्याचं हसं होऊ नये म्हणून बाई भरलेला ट्रे डाव्या हातात तोलायला शिकली, आणि संधिवात नेमका त्याच हातात होता.

त्याची परतफेड त्याने आपल्या परीने केली. नाकाचा दरारा राखायचा तर घरच्या जेवणालाही नाक मुरडायला हवं, अशी त्याची पक्की समजूत. पाहुणे जेवायला बसले की पहिल्या घासाला तो थांबे, डोळे मिटे आणि खोड काढी. ती दरवेळी मान खाली घालून वाढत राही.

या खेपेला शनिवारी सकाळी चढावर तो नेहमीसारखा मागे पडला, आणि तिघं नेहमीसारखे पुलापाशी थांबले. पाणी पिता पिता कंत्राटदाराने बातमी दिली. पुढच्या महिन्यात डोंगरापलीकडच्या व्हिस्कीच्या कारखान्यापर्यंत सायकलने जायचं, पण मुक्कामाच्या खोलीत खाटा चारच, आणि त्याचा मेहुणाही मागे लागला होता.

“संध्याकाळी बघू,” तो म्हणाला. “नाक चाललं तर नाक येईल, नाहीतर मेहुणा.”

उरलेला चढ नाकाने सायकल ढकलत काढला. घरी येताच, आंघोळीच्याही आधी, त्याने बायकोकडून खुणांची उजळणी करून घेतली.

पहिले तीन ग्लास बिनबोभाट पार पडले. टाळ्या झाल्या, आणि नाक खुर्चीत जरा पसरून बसला. मग जेवण आलं. दुपारभर ओव्हनसमोर उभं राहून तिने कोंबडी भाजली होती. त्याने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि लसूण करपल्याचा निकाल दिला. हेडमास्तरांना लसूण चालत नाही, म्हणून घरात त्या दिवशी लसूण आलाच नव्हता. हेडमास्तरांनी ताटलीत बघितलं, मग दाताच्या डॉक्टरकडे.

“ऐकताय ना वहिनी?” कंत्राटदार म्हणाला.

“तिला सांगून काय उपयोग?” नाक आता रंगात आला होता. “देवाने एका घराला एकच नाक दिलं. हिला नुसती भोकं दिली.”

सगळे हसले. सवयीने तीही हसली आणि ताटल्या गोळा करून आत गेली.

चौथी बाटली दाताच्या डॉक्टरची, चांगली महागाची होती. तिघांचे ग्लास तिने त्यातून भरले. मग सिंकखालची दुसरी बाटली काढली. सायकलच्या साखळीचं काळं तेल पुसायला नाकाने आणलेली ती अगदी हलकी दारू. चौथ्या ग्लासात तिने ती ओतली, रंगासाठी सकाळचा उरलेला कोरा चहा घातला, बाहेर येऊन ग्लास नवऱ्यासमोर ठेवला आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

नाकाने घुटका घेतला. बराच वेळ तोंडात फिरवला. ही निदान अठरा वर्षं पिंपात मुरलेली आहे, तो म्हणाला. कोठार समुद्राकाठचं असणार. आधी मध लागतो, मग सुकवलेली फळं. अशी चीज नशिबात असावी लागते.

तिने हात काढला नाही.

“साखळी पुसायची दारू आहे ती,” ती म्हणाली. “आणि सकाळचा चहा. यांना दोन वर्षं कसलाच वास येत नाही. मी हात ठेवते, मग हे बोलतात.”

आता काय होतंय ते बघत ती उभी राहिली. काहीच झालं नाही. दाताच्या डॉक्टरने रुमालाने ओठ टिपले.

“आम्हाला गेल्या वर्षीच कळलं, वहिनी. याच्याच बुटाला कुत्र्याची घाण लागलेली, आणि हा तासभर मधाचं वर्णन करत होता.”

“आम्ही तर तुमच्याकडे बघायचो,” कंत्राटदार म्हणाला. “हात खुर्चीवर जातो की केसांत, यावर पैजा लागायच्या. तुम्ही सांगायला नको होतं. मजा गेली.”

तिचा हात खुर्चीवरून गळून पडला. दोन वर्षं ज्या हाताने तिने नवऱ्याची लाज झाकली, तोच हात या लोकांचा तमाशा होता. तिला त्या तिघांची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. दाताचा डॉक्टर स्वयंपाकघरात गेला, त्याने आपली उरलेली बाटली मोजा काढून काखेत मारली, आणि तिघं जेवण चांगलं झाल्याचं सांगून निघून गेले.

रविवारी सकाळी नाक हेल्मेट घालून फाटकापाशी उभा होता. सायकली आल्या. चौथ्या सायकलवर मेहुणा होता. त्यांनी घंटी वाजवली, पण थांबलं कोणी नाही. तरी तो मागोमाग निघाला आणि धापा टाकत चढावरच्या पुलापर्यंत गेला. पुलापाशी कोणी नव्हतं.

दुपारी तिने त्याला सूप वाढलं आणि समोर बसली.

“कसं झालंय?” तिने विचारलं. लग्न झाल्यापासून हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. उत्तर न विचारताच मिळत असे.

त्याने चमचा तोंडात घातला. त्यात मिठाचा कणही नव्हता. तेवढं त्याच्या जिभेला अजून नीट कळत होतं.

“छान झालंय,” तो म्हणाला.

“मीठ घातलेलं नाही मी.”

त्याने मिठाच्या डबीकडे पाहिलं. तिने ती उचलली, आपल्या सूपात चिमूटभर मीठ घातलं आणि डबी आपल्याच बाजूला ठेवली.

“संपवा,” ती म्हणाली. “अजून आहे.”