परक्या देवीने उतरवलेला विंचू

देवाधर्माच्या बाबतीत मी कधीच फार ठाम नव्हतो. रोज पूजा करायचो, रामरक्षा म्हणायचो, पण हात जोडलेले असताना मन भलतीकडेच असायचे. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. जिच्या कृपेबद्दल लिहायचे ती देवी आपल्याकडची नाही, आणि तिला देव्हाऱ्यातून मीच बाहेर काढले होते.

माझी पत्नी बायकांच्या एका सहलीबरोबर इजिप्तला गेली होती. येताना तिने काळ्या दगडाची वीतभर मूर्ती आणली. आसनावर बसलेली देवी आणि तिच्या मांडीवर तान्हे मूल. "ही आयसिस. तिकडची आई. लेकरांची दुखणी बरी करते," असे म्हणून तिने ती अन्नपूर्णेशेजारी ठेवली. मी म्हणालो, "नाव जरा हळू घे, अतिरेकी समजून पोलीस येतील. आणि आपला कुलाचार काय? उद्या देव्हाऱ्यात पिरॅमिड मांडशील."  मी मूर्ती उचलून शोकेसमध्ये कपबशांच्या मागे ठेवून दिली.

आम्ही कात्रजला, डोंगराच्या कडेला राहतो. लग्नानंतर फार वर्षांनी झालेली आमची मनू आता दुसरीत आहे. पत्नी बँकेत जाते आणि मी घरून काम करतो, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मनू माझ्याकडे असते. दुपारची झोप ही माझी जुनी सवय. दारावर पाटीच लावली होती : दुपारी बेल वाजवू नये. ती मुख्यतः वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलीसाठी होती. ही यवतमाळची, आयटीत नोकरी करणारी. कधी किल्ली विसरायची, कधी पार्सल घेऊन ठेवायला सांगायची. त्या दुपारी मनू झोपेना, तेव्हा "खाली सावलीत खेळ जा" म्हणून मीच तिला पाठवले आणि कूलर लावून आडवा झालो.

बेल वाजली. पुन्हा वाजली. मी जागा होतो. अंथरुणातूनच ओरडलो, "पाटी वाचता येत नाही का? संध्याकाळी या!" कूलरच्या घरघरीत बाहेरचे बोलणे ऐकू आले नाही, आणि खरे सांगायचे तर ऐकायची इच्छाही नव्हती. बेल थांबली तेव्हा मला समाधान वाटले. ते समाधान आठवले की आजही अंगावर काटा येतो.

उठलो तर आवाज बंद ठेवलेल्या मोबाइलवर पत्नीचे कितीतरी कॉल येऊन गेलेले. तिला फोन लावला तेव्हा सगळे कळले. मनू भातुकलीची चूल मांडायला शेजारच्या बांधकामाच्या विटा उचलत होती. विटेखाली लाल विंचू होता. वरच्या मुलीने तिला विव्हळताना पाहिले, धावत येऊन आमची बेल वाजवली, आणि दार उघडत नाही म्हटल्यावर मनूला ओढणीने पाठीशी बांधून स्कूटरवर हॉस्पिटल गाठले. तिथूनच तिने माझ्या पत्नीला फोन केला होता.

मी पोहोचलो तेव्हा मनू घामाने भिजलेली होती, हातपाय गार पडलेले. डॉक्टर म्हणाले, "लहान मुलांत हे विष हृदयावर जातं. औषध चालू केलंय. आता वाट बघायची." काचेच्या दाराबाहेर मी रामरक्षा म्हणायला लागलो आणि सुरुवातीलाच अडकलो. इतक्या वर्षांचे पाठांतर, एक ओळ आठवेना.

पत्नीने हळूच विचारले, "बेल वाजली तेव्हा तुम्ही झोपला होतात ना?"

"नाही," मी म्हणालो. "जागा होतो."

तिने मान फिरवून काचेतून आत पाहिले. मग बोलली ती भलतेच. "तिकडे गाइडने एक गोष्ट सांगितली होती. आयसिस गरीब बाईच्या वेषात फिरत होती. बरोबर राखणीला विंचू. एका श्रीमंत बाईने तिला बघून दार लावून घेतलं. रागावलेला एक विंचू फटीतून आत शिरला आणि त्या बाईच्या मुलाला चावला. बाई गावभर रडत फिरली, कोणी दार उघडेना."

"मग?"

"मग देवीच परत आली. म्हणाली, यात लेकराचा काय दोष? अंगावर हात ठेवला आणि विष उतरवलं."

"आणि त्या बाईला काय केलं?"

"काही नाही. मूल दिलं तिच्या हातात."

मला रडू फुटले. कपबशांच्या मागे ठेवलेल्या त्या आईला मी मनातल्या मनात हाक मारली. आई, दार मी लावले. माझे काय करायचे ते कर, पण तिच्यावर हात ठेव. त्यानंतर मागायला काही उरले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कशालाही धरून नव्हतो.

अंधार पडता पडता डॉक्टर बाहेर आले. "हात कोमट झालेत. ठोके सुधारलेत. वेळेत आणलीत म्हणून." आत गेलो तर मनूने डोळे किलकिले करून विचारले, "बाबा, माझी चूल कोणी मोडली का?" मी नाही म्हणून मान हलवली. 

हा औषधाचा गुण की देवीचा, हा वाद मला घालायचा नाही. मनू घरी आल्यावर मी वरच्या मजल्यावर गेलो आणि त्या मुलीपुढे हात जोडले. ती ओशाळून हसली. "काका, असं काय करून राहिले? बरं झालं तुम्ही दार नाही उघडलं. आधी चष्मा शोधला असता, मग चपला, मग मलाच विचारलं असतं, विंचूच होता का नक्की!" मीही हसलो, आणि किती दिवसांचा दगड छातीवरून सरकला. देवाला शरण जायचे म्हणजे आपण दार उघडून त्याला आत घ्यायचे, असे मी समजत होतो. माझे दार तर बंदच होते. मी हाक मारण्याच्या कितीतरी आधी, माझे ओरडणे ऐकून घेऊन, कृपा माझ्या लेकीला पाठीशी बांधून निघून गेली होती.