एथ झिरोची जागा

माझ्या साडूंइतका वैताग माणसाला दुसरा कोणी माणूस देऊ शकेल, यावर माझा विश्वास नाही. दोन हजार सालानंतर हिंगोलीत आम्ही दोघांनी भागीदारीत संगणकाचं दुकान काढलं. अडत्यांना आणि वजनकाट्यांना लागणारे प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. म्हणजे लिहायचे साडू. माझ्याकडे गिऱ्हाइकांची बोलणी खाण्याचं खातं होतं.

साडूंचा एकच आजार: एकदा एखादी जागा कुणाची झाली, की ती त्याचीच. दुकानात टायपिंग करणाऱ्या बाई लग्न होऊन परभणीला गेल्या, तरी त्यांची खुर्ची भिंतीशी तशीच. गिऱ्हाईक उभं राहून घामाघूम होई, ते खुर्चीकडे सरकलं की साडू म्हणत, "तिथं नका, ती बाईंची हाये." जुनी स्कूटर त्यांनी विकून टाकली, पण दुकानापुढच्या सावलीतली तिची जागा मोकळी ठेवली आणि नवी कोरी मोटारसायकल उन्हात लावली. मी माझी सायकल सावलीत टेकवली तर त्यांनी ती उचलून मोटारसायकलीशेजारी नेली. "तिथं काहून लावली?" हे वर मलाच. घरीही तेच. त्यांचे थोरले बंधू वारल्याला बरीच वर्षं झाली होती, तरी पंगतीत पहिला पाट बंधूंचा. तो रोज मांडायचा आणि त्यावर कुणी बसायचं नाही. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, सांगून सांगून दमली होती. भावकीतलं कुणी साडूंना 'दादा' म्हणालं, तर ते ओ देत नसत. दादा म्हणजे बंधू.

आता असल्या माणसाच्या हाती संगणक चालवणारं लिनक्स द्यावं? पण दिलं होतं. एका खऱ्या संगणकाच्या पोटात दुसरा खोटा संगणक चालवायचा, त्यात प्रोग्रॅम बसवायचा आणि त्या खोट्या संगणकाची नक्कल गिऱ्हाइकाकडे न्यायची, अशी आमची रीत. नक्कल केली की तिला दुसऱ्या संगणकांशी जोडणारं नवं नेटवर्क कार्ड मिळे. आतल्या लिनक्सला मात्र जुनंच कार्ड आठवत असे. 'एथ झिरो' हे पहिलं नाव ते त्या गेलेल्या कार्डासाठी राखून ठेवी आणि नव्याला 'एथ वन' म्हणे. आमचं सगळं सेटिंग एथ झिरोच्या नावावर, म्हणून नेटवर्क बंद. उपाय सोपा होता: जुन्या कार्डाची ओळ काढायची आणि ते नाव नव्याला द्यायचं. साडूंना ते मान्य नव्हतं. "पयल्याचं नाव दुसऱ्याला कसं देता?" असं म्हणून ते सेटिंगमध्ये जिथं जिथं झिरो तिथं तिथं वन करत बसत. नकलेची नक्कल झाली की टू. पुढं थ्रीसुद्धा झाला. दर वेळी एखादी जागा राहून जाई आणि गिऱ्हाइकाचा फोन मला येई.

शेवटी वारंगा फाट्याच्या काट्यावर व्हायचं ते झालं. काटेवाल्या शेठजींनी प्रोग्रॅम चालवून दाखवायला बोलावलं होतं. ते काम मिळालं तरच दुकान चालणार होतं, नाहीतर कुलूप; हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सोयाबीनचा ट्रक काट्यावर चढला, वजन झालं, पण शेठजींच्या गल्ल्यावरच्या संगणकावर काही येईना. मागं ट्रकांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. साडू शांतपणे झिरोचे वन करून राहिले होते.

"बराबर होऊन राहिलंय का, का दुसऱ्याला बोलावू?" शेठजींनी विचारलं.

माझं डोकं फिरलं. मी साडूंच्या कानाशी वाकून म्हणालो, "साडूभाऊ, ते कार्ड गेलंय. परत येणार न्हाई. किती वर्सं त्याची जागा धरून बसणार तुमी?"

साडूंचे हात थांबले. मी काय बोलून बसलो ते मला तेव्हा कळलं, आणि वाईट वाटलं. मग त्यांनी कार्डांची नावं लिहिलेली फाइल उघडली. जुनी ओळ त्यांनी पुसली नाही, तिच्यापुढं फक्त एक खूण टाकली.

"आता मशीन ती वाचत न्हाई," ते म्हणाले. "पण हाये तिथंच."

खालच्या ओळीत त्यांनी नव्या कार्डाला एथ झिरो केलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. गल्ल्यावर वजन उमटलं, ट्रक खाली उतरला, काम आम्हाला मिळालं.

परतल्यावर साडूंकडेच जेवायला थांबलो. अक्काने नेहमीसारखा पहिला पाट मांडला. मी माझ्या नेहमीच्या, शेवटच्या पाटाकडे निघालो, तर साडूंनी माझा हात धरला. "इथं बसा," ते म्हणाले. "जागा दादाचीच हाये. बसायला काय हरकत?" अक्काच्या हातातली पळी तशीच राहिली. मी बसलो.

पुढच्या खेपेला गेलो, तर मला पुन्हा पहिलाच पाट. पंगत भरलेली होती, पाहुण्यांचं एक लेकरू बसायला जागा शोधत होतं आणि पंगतीच्या टोकाला माझा जुना पाट रिकामा मांडलेला होता. लेकरू तिकडे वळताच साडू म्हणाले, "तिथं नको रे बाळा, ती साडूभाऊंची हाये."