टिपणिसांनी गादी घेतली

नेपरव्हिलच्या दिगंबर टिपणिसांना कोणी भित्रा म्हणणार नाही. चोविसाव्या वर्षी सांगलीहून एक सुटकेस आणि मेतकुटाचा डबा घेऊन हा माणूस एकटा अमेरिकेत आला. पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरून खड्ड्यात गेली, तरी दुसऱ्या दिवशी स्वारी वेळेवर कामावर हजर. सव्वा वर्षापूर्वी, सत्तरी ओलांडल्यावर, बायपास करायची ठरली तेव्हा सर्जनलाच "तुम्ही दमलेले दिसता, आधी कॉफी घ्या" असं सांगणारे हेच. पण गेले चौदा महिने एक वाक्य त्यांच्या घशात अडकून बसलं होतं. ते बायकोला सांगायचं होतं आणि एवढंसंच होतं: लतिका, आता तू आपल्या खोलीत झोपायला ये.

त्याचं असं झालं. ऑपरेशन होऊन दिगंबरराव घरी आले त्या दिवशी लतिकाबाईंनी आपली उशी उचलली आणि मुलीच्या रिकाम्या खोलीत मुक्काम हलवला. "चारच दिवस. तुम्हाला शांत झोप हवी," असं म्हणाल्या. चार दिवसांचे चौदा महिने झाले. छातीवरचा व्रण पुसट झाला, दिगंबरराव रोज तीन मैल चालायला लागले, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढण्यावरून बायकोशी भांडायलाही लागले, पण उशी काही परत आली नाही. आता लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाल्यावर बायकोला असलं आमंत्रण द्यायचं कसं? आणि दिलं, आणि ती म्हणाली की मला इथेच बरं वाटतं, तर? बायपासला न घाबरलेला माणूस त्या 'तर'ला घाबरून होता.

माणसाशी बोलता येत नसलं की इंजिनिअर एखादी वस्तू दुरुस्त करायला घेतो. दिगंबररावांनी सगळा दोष गादीवर ढकलला.

गादी तशी दोषी होतीच. एकोणीस वर्षांची म्हातारी. ती घ्यायला नवराबायको गेले तेव्हा शॉमबर्गचा मित्र जगन्नाथ सल्लागार म्हणून बरोबर होता. तिघांनी अंगात जाडजूड कोट घालून, उभ्या उभ्या, वांगी निवडावीत तशी तळहाताने गादी दाबून पाहिली होती. जगन्नाथने दोनदा जास्त दाबली आणि "ही घे, टणक आहे" असा निकाल दिला. दुकानात परक्यांसमोर आडवं व्हायचं, हे तिघांच्याही स्वप्नात आलं नाही. घरी आणल्यावर, खराब होऊ नये म्हणून, वरचं प्लास्टिक अकरा महिने तसंच ठेवलं होतं. कूस बदलली की चुरचुर आवाज. शेवटी मुलीने, चैत्रालीने, तेव्हा ती कॉलेजात होती, सुट्टीत येऊन ते कात्रीने फाडलं. पुढे पाचेक वर्षांत गादीला दिगंबररावांच्या बाजूने असा खड्डा पडला की लतिकाबाई रात्रभर उतारावर झोपल्यासारख्या झोपत. या खड्ड्याला आणि आपल्या घोरण्याला कंटाळूनच ती गेली, असं दिगंबररावांनी स्वतःला पटवलं होतं.

मग काय, तीन आठवडे संशोधन. दिगंबररावांनी एकतीस वर्षं कारखान्यांतल्या अजस्र कंप्रेसरची थरथर मोजण्याचं आणि ती कमी करण्याचं काम केलं होतं. हलणारं यंत्र बिघडायच्या वाटेवर असतं, हा त्यांचा धर्म. त्यांनी तेवीस गाद्यांचा तक्ता केला आणि सगळ्यांत जास्त गुण ठेवले ते एका गोष्टीला: एकजण हलला तर दुसऱ्याला अजिबात जाणवता कामा नये. मी कितीही लोळलो तरी तिची झोप मोडायची नाही, मग का नाही येणार? मनातल्या मनात मांडे खाणं चाललं होतं.

सांता क्लाराहून चैत्रालीचा फोन आला तेव्हा तिने बजावलं, "बाबा, प्लीज, हाताने दाबून घेऊ नका. यू हॅव टू लाय डाउन. दोघांनी. निदान पंधरा मिनिटं, घरी झोपता तसं, कुशीवर. आणि आईला फ्रंट सीटवर बसवून ठेवू नका, तिलाही आत न्या."

लतिकाबाईंना विचारलं तर त्या भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "घ्या की. तुमच्या पाठीला बरी पडेल अशी बघा. पण एकट्या माणसाला एवढी मोठी कशाला? लहानच घ्या."

म्हणजे हिला परत यायचंच नाही, असा दिगंबररावांनी अर्थ काढला. तरी तक्त्याची घडी खिशात घालून ते गाडी गरम करायला बाहेर गेले.

मंगळवार मुद्दाम निवडला होता. सकाळी अकराला दुकानात कुत्रंही नसणार, म्हणजे आडवं पडलेलं कोणी ओळखीचं बघणार नाही. फेब्रुवारीचा बर्फ वितळून काळपट चिखल झाला होता. दोघांनी दारातच बूट काढले, कडेला जोडीने नीट लावले, आणि लोकरी मोजे घालून आत शिरले. सेल्सबाई होती पन्नाशीची, ग्लोरिया नावाची. तिने एकदा बुटांकडे, एकदा मोज्यांकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. एवढ्यावरून दिगंबररावांचं तिच्याविषयी चांगलं मत झालं.

"गादी एकासाठी की दोघांसाठी?" तिने इंग्रजीत विचारलं.

"ह्यांच्यासाठी," लतिकाबाई म्हणाल्या.

"फक्त पाहायचंय आधी," दिगंबरराव घाईघाईने म्हणाले.

तक्त्यातली पहिल्या नंबरची गादी खिडकीलगतच्या रांगेत होती. दिगंबरराव तिच्यावर बसले, पाय वर घेणार इतक्यात लतिकाबाईंनी त्यांचा दंड धरला. "थांबा. दक्षिण कुठे आहे?"

दिगंबररावांनी हात टेकले. फोनमधला कंपास काढला, गोल फिरून पाहिलं. खिडकीच्या रांगेतल्या सगळ्या गाद्यांची उशाची बाजू उत्तरेला, म्हणजे झोपणाऱ्याचे पाय सरळ दक्षिणेला, यमाच्या दारात.

"अगं, दुकान आहे हे. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न."

"त्याला पंधरा मिनिटं पुरतात," लतिकाबाई म्हणाल्या.

हे त्या रागावून बोलल्या असत्या तर दिगंबरराव हसले असते. पण त्यांचा आवाज कापला. हातातली पकड सुटेना. ग्लोरिया जवळ आली तेव्हा लतिकाबाईंनी तिला इंग्रजीत समजावलं, "आमच्यात या दिशेला पाय करून फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात." ग्लोरिया जराही गोंधळली नाही. "मग त्या दिशेला नको," म्हणाली आणि दोघांना मागच्या रांगेत घेऊन गेली. तिथे तीच गादी होती, आडवी मांडलेली.

दिगंबरराव निजले. लतिकाबाई उभ्याच होत्या. त्यांनी सवयीने तळहात पुढे केला, दोनदा दाबलं आणि "छान आहे" असा शेरा दिला.

"मॅम, हाताने कोणी झोपत नाही," ग्लोरिया म्हणाली. "या, दुसऱ्या बाजूला. मी तिकडे तोंड करते हवं तर."

लतिकाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून, कोट न काढता, पर्स पोटावर घट्ट धरून त्या हळूच आडव्या झाल्या. दोघं छताच्या दिव्यांकडे बघत पडले. चौदा महिन्यांनी शेजारी शेजारी, आणि ते कुठे, तर ओग्डन अव्हेन्यूवरच्या दुकानात, छताला टांगलेल्या सेलच्या पताकांखाली. दिगंबररावांना बायकोच्या कोटाला येणारा फोडणीचा आणि बामचा वास आला. एवढ्यासाठी तेवीसही गाद्या पाहायला लागल्या तरी चालतील, असं त्यांना वाटलं.

"तुम्हाला गादीत सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं?" ग्लोरियाने विचारलं. प्रश्न दिगंबररावांना नव्हता.

काही गोष्टी घरच्या माणसाशी मराठीत बोलता येत नाहीत आणि परक्या बाईला इंग्रजीत सहज सांगता येतात. लतिकाबाई छताकडे बघत म्हणाल्या, "मी रात्री तीन-चारदा उठते. गुडघे खराब आहेत, त्यामुळे गादीला रेटा देऊन उठावं लागतं. सगळी गादी हलते. यांचं हार्टचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले होते, झोप मोडता कामा नये. मी उठलेलं यांना कळणार नाही अशी गादी असेल, तर मला परत तिथे झोपता येईल."

दिगंबररावांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. घोरणं नव्हे, खड्डा नव्हे, कंटाळा तर नव्हेच. चौदा महिने ही बाई त्यांची झोप मोडू नये म्हणून पलीकडच्या खोलीत राहिली, आणि ते इकडे तिची झोप मोडू नये म्हणून तक्ते करत होते. दोघांतल्या एकाने तोंड उघडलं असतं तर! त्यांना स्वतःचा राग आला, आणि इतकं बरंही वाटलं की डोळे भरून आले.

"मग हीच तुमची गादी," ग्लोरिया खुशीत म्हणाली. तिने पाण्याने काठोकाठ भरलेला प्लास्टिकचा ग्लास आणला, दोघांच्या मधोमध ठेवला. "मॅम, घरी उठता तशा उठा."

लतिकाबाईंनी गुडघा वळवला, हाताने रेटा दिला आणि उठल्या. ग्लासातलं पाणी जागचं हललं नाही. आरशासारखं स्थिर. लतिकाबाईंचा चेहरा असा उजळला की जणू कोणी त्यांना घरची किल्ली परत दिली. "अहो, बघा! काही कळलं का तुम्हाला?"

नाही, काहीच कळलं नव्हतं. दिगंबररावांची पाठ गादीला टेकलेली होती, बायको हातभर अंतरावरून उठून गेली होती, आणि त्यांना पत्ता नव्हता. आयुष्यभर त्यांनी यंत्राला जे करायला लावलं ते या गादीने तंतोतंत केलं होतं. शंभरातले शंभर गुण. तरी त्यांना आनंद होईना.

कारण त्यांना जुनी सवय आठवली. ती उठली की गादी हलायची, त्यांना अर्धी जाग यायची. बाथरूमचा दिवा, नळ, पावलं. मग गादी पुन्हा दबायची, ती आली, आणि ते परत गाढ झोपायचे. सेहेचाळीस वर्षांत याला कधी झोपमोड म्हणावंसं वाटलं नाही. झोपमोड गेल्या चौदा महिन्यांत होत होती. मध्येच जाग यायची, आणि पलीकडच्या खोलीत ती उठली का, पडली तर नाही ना, हे कळायला काही मार्ग नसायचा. कान लावून पडून राहायचं.

"ही नको," ते उठून बसत म्हणाले.

"अहो, का?"

"तू उठलीस की मला कळलं पाहिजे, लतिका. कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. चौदा महिने नीट लागलेली नाही." मग त्यांनी ग्लोरियाकडे वळून विचारलं, "तुमच्याकडे भरपूर हलणारी गादी आहे का?"

"एकोणीस वर्षं गाद्या विकतेय," ग्लोरिया म्हणाली, "हे मला आजवर कोणी मागितलं नाही."

लतिकाबाईंनी पर्सची चेन उघडली, रुमाल काढला, नाक पुसलं आणि चेन लावली.

अगदी मागच्या कोपऱ्यात जुन्या पद्धतीच्या, एकात एक गुंफलेल्या स्प्रिंगांची एक गादी होती. दिगंबररावांच्या तक्त्यात तिला सगळ्यात कमी गुण होते. त्यांनी आधी कंपास पाहिला, पाय पूर्वेला येतात याची खात्री बायकोला दाखवली आणि निजले. या खेपेला लतिकाबाईंनी कोट काढून खुर्चीवर ठेवला, पर्सही ठेवली, आणि कोणी बघतंय का हे न बघता त्यांच्या शेजारी कुशीवर झाल्या. ग्लोरिया फॉर्म आणायला पुढे गेली.

दिगंबररावांनी डोळे मिटले. पाच मिनिटं गेली असतील. गादी एका बाजूला उचलल्यासारखी झाली.

"कुठे चाललीस?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"कुठे नाही," लतिकाबाई म्हणाल्या. "तुम्हाला कळतं का बघत होते."

आणि गादी पुन्हा दबली.